सिंगापूरला शिकायला जाण्यापूर्वी

शिक्षणासाठी घर सोडणे ही खानदेशाला नवी गोष्ट नाही. जळगाव-धुळ्याची मुले गेल्या दोन-तीन पिढ्या पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत राहून शिकत आली आहेत. आता त्यांतील काहींची पावले समुद्रापलीकडे वळू लागली आहेत. अमेरिका वा इंग्लंड यांच्या मानाने सिंगापूर पालकांना जवळचे वाटते. मुंबईहून विमानाने पाच-सहा तासांची वाट, घड्याळात केवळ अडीच तासांचा फरक, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, आणि तमिळ ही तेथील चार राजभाषांपैकी एक. परंतु जे जवळ आहे ते सोपेही असेलच, हे गृहीत धरण्यात मोठा धोका आहे. ज्या निर्णयात घराची दहा-वीस वर्षांची बचत गुंतते, तो निर्णय भिंतीवर लागलेल्या अभिनंदनाच्या फलकावरून नव्हे, तर कागदावर मांडलेल्या हिशेबावरून व्हावयास हवा.

या हिशेबातील पहिला प्रश्न संस्थेचा. सिंगापुरात सहा स्वायत्त विद्यापीठे आहेत. त्यांपैकी नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर ही १९८० मध्ये दोन विद्यापीठांच्या एकत्रीकरणातून आजच्या नावाने उभी राहिली, तर नान्यांग येथील तंत्रशिक्षण संस्थेला १९९१ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जगभर ज्यांचा लौकिक आहे ती ही विद्यापीठे. त्यांचा प्रवेश अत्यंत चुरशीचा असतो. त्यांच्याखेरीज त्या शहरात खाजगी संस्थाही पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक संस्था परदेशी विद्यापीठांच्या पदव्यांचे अभ्यासक्रम चालवितात. आपल्याकडील दलाल 'सिंगापूरमध्ये प्रवेश' असे मोघम सांगतो, तेव्हा तो बहुधा या दुसऱ्या प्रकाराविषयी बोलत असतो. खाजगी संस्था सरसकट वाईट असतात असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मात्र दोहोंतील फरक पालकांस ठाऊक असला पाहिजे. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या खाजगी संस्थेस 'एज्युट्रस्ट' हे सरकारी प्रमाणपत्र असावे लागते, आणि विद्यार्थ्याने भरलेल्या शुल्कास संरक्षण देणारी व्यवस्था तिने करावी लागते. प्रमाणपत्र आहे की नाही हे सरकारी यादीत स्वतः पाहावे. दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

हा फरक पोटापाण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. स्वायत्त विद्यापीठांतील पूर्णवेळ विद्यार्थ्यास सत्र चालू असताना आठवड्यास १६ तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. खाजगी संस्थेच्या विद्यार्थ्यास ती सर्वसाधारणपणे मिळत नाही, सुटीतसुद्धा नाही. 'तिकडे गेल्यावर काम करून खर्च भागवील' या भरवशावर ज्याचा हिशेब उभा आहे, त्याचा पायाच येथे ढासळतो.

शेत आणि कर्ज

दुसरा प्रश्न पैशाचा. खानदेशातील बागायतदाराची संपत्ती बहुतांशी जमिनीत असते. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्याचा मालक कागदोपत्री श्रीमंत असला, तरी बँकेच्या दारात त्याची अडचण होते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँका सामान्यतः तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून घेण्यास पुष्कळ बँका नाखूष असतात. याचे कारण कायद्यात आहे. थकित कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला, त्यातून याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन वगळली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद त्याच्या मुलाच्या कर्जाच्या आड येते. मग गावठाणातील घर, बिनशेती भूखंड, मुदत ठेव वा नातलगाची जामीनकी शोधावी लागते. आणि यांतील काहीच जमले नाही, तर सावकार किंवा जमिनीची विक्री. म्हणून प्रवेशाचे पत्र हाती येण्याच्या आधीच, निदान वर्षभर अगोदर, बँकेत जाऊन तारणाचा प्रश्न निकालात काढावा. पत्र आल्यानंतर घाईने केलेली जमिनीची विक्री नेहमी पडत्या भावानेच होते.

याला जोडूनच विनिमय दराचा विचार आवश्यक आहे. २०१० च्या सुमारास सिंगापूरचा एक डॉलर ३३-३४ रुपयांना मिळत असे. २०२५ च्या उत्तरार्धात त्यासाठी ६५ हून अधिक रुपये मोजावे लागले. म्हणजे पंधरा वर्षांत रुपयाची किंमत या चलनाच्या तुलनेत जवळजवळ निम्मी झाली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा खर्च पहिल्या वर्षाच्या दराने मांडणे म्हणजे पेरणीच्या दिवशीच्या भावाने केळीचा घड विकला जाईल असे धरून चालण्यासारखे आहे. एकूण अंदाजित खर्चावर निदान पंधरा-वीस टक्के रक्कम राखीव धरल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. कर्जावरील व्याज शिक्षण चालू असतानाही चढत राहते, हेही विसरू नये.

अनुदान आणि बंधन

स्वायत्त विद्यापीठांतील पदवीच्या अभ्यासक्रमांसाठी सिंगापूर सरकार परदेशी विद्यार्थ्यांनाही शुल्कात अनुदान देऊ करते. अनेक पालक याला शिष्यवृत्ती समजतात. ती शिष्यवृत्ती नव्हे, तो करार आहे. अनुदान घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने पदवीनंतर तीन वर्षे सिंगापूरशी संबंधित कंपनीत नोकरी करावी, अशी अट त्यात असते. त्यासाठी जामीनदार द्यावे लागतात, आणि अट मोडल्यास अनुदानाची रक्कम व्याजासह परत करावी लागते. करार म्हणून तो वाईट नाही. ज्या समाजाच्या करातून पैसा आला, त्याने त्याचा मोबदला मागणे न्याय्यच आहे. परंतु नोकरी करण्याचे बंधन स्वीकारणे वेगळे आणि नोकरी मिळणे वेगळे. तेथील व्यावसायिकांच्या कामाच्या परवान्यासाठी जानेवारी २०२५ पासून दरमहा किमान ५,६०० डॉलर वेतनाची अट लागू झाली, आणि वयानुसार ती वाढत जाते. सप्टेंबर २०२३ पासून त्याला गुणांकनाची जोड मिळाली असून, एखाद्या कंपनीत एकाच देशाचे नोकर फार असतील तर त्या देशाच्या उमेदवारास कमी गुण मिळतात. भारतीयांची संख्या जेथे आधीच मोठी आहे तेथे ही अट आपल्या मुलांना जाचू शकते. तेव्हा जामीनदार म्हणून सही करणाऱ्या काका-मामांनी कराराचा कागद वाचूनच सही करावी.

हवा, अन्न आणि निवारा

जळगावच्या मे महिन्यातील ४४-४५ अंशांची सवय असलेल्या मुलाला सिंगापूरची ३१-३२ अंशांची दुपार सौम्य वाटेल असे आपण समजतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. विषुववृत्तापासून हे शहर जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे ना हिवाळा येतो, ना कोरडी हवा. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे २,१०० मिलिमीटरच्या वर, आणि तोही बारा महिने विभागून. घाम वाळत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि व्याख्यानाच्या खोलीत मात्र वातानुकूलनामुळे थंडी वाजते. सुती कपडे, छत्री आणि एक पातळ स्वेटर एवढी सामग्री पुरते. साचलेल्या पाण्यातील डासांपासून डेंग्यूचा धोका तेथेही आहे, म्हणून ताप अंगावर काढू नये.

खाण्याच्या बाबतीत कळण्याची भाकरी आणि भरीत यांची आठवण येणारच. पण उपासमार होण्याचे कारण नाही. सरकारने उभारलेल्या खाद्यकेंद्रांत स्वस्त जेवण मिळते, आणि सेरंगून रस्त्यावरील 'लिटल इंडिया' भागात डाळी, पिठे, मसाले सर्व काही उपलब्ध असते. मात्र शाकाहारी विद्यार्थ्याने 'भाज्यांचा पदार्थ' एवढ्यावर समाधान मानू नये. त्यात सुक्या कोळंबीचे वाटण वा कालवांचा रस असू शकतो. विचारून घेण्यात संकोच नसावा.

राहण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर पहिल्या वर्षी ती सोडू नये. बाहेर खोली घेताना स्वयंपाकास मनाई करणारे मालक भेटतात, आणि भारतीय भाडेकरू नको असे सांगणारेही भेटल्याचे अनुभव अनेकांनी नोंदविले आहेत. याचा संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु पुण्यात, नाशकात आणि आपल्या जळगावातही खोली देण्यापूर्वी आडनाव विचारणारे घरमालक आहेत, याचेही स्मरण असावे. परक्या शहरात जो अपमान टोचतो, तोच आपल्या गल्लीत दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, एवढे जरी या प्रवासातून शिकता आले तरी ते शिक्षण वाया गेले असे म्हणता येणार नाही. भाड्याचा करार लेखी असावा, अनामत रकमेची पावती घ्यावी, आणि खोली न पाहता पैसे पाठवू नयेत.

कायद्याची धार

सिंगापूरचा कायदा कठोर आहे आणि अज्ञानाची सबब तेथे चालत नाही. अंमली पदार्थांच्या व्यापारास फाशीपर्यंत शिक्षा आहे. म्हणून विमानतळावर दुसऱ्याचे पुडके, कितीही ओळखीच्याचे असो, हाती घेऊ नये. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या डब्यातही लक्ष घालावे. आपल्या मसाल्यातील आणि अनारशांवरील खसखस तेथे अंमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या परवानगीवाचून नेता येत नाही. गुटखा, खैनी आणि जर्दा यांवरही तेथे बंदी आहे, आणि आपल्या भागातील किती तरुणांच्या खिशात हे असते ते सांगण्याची गरज नाही.

हे सर्व वाचून कोणी जाऊच नये असा निष्कर्ष काढू नये. ज्याला चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, ज्याच्या घरचे कर्ज फेडण्याजोगे आहे आणि ज्याने करार समजून घेतला आहे, त्याने अवश्य जावे. अर्थशास्त्रात ज्याला पर्यायी त्याग म्हणतात त्याचा विचार मात्र प्रत्येकाने करावा. तेवढ्याच पैशात येथे काय साधले असते, हा प्रश्न स्वतःला विचारून त्याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

आज हा हिशेब मांडून देण्याचे काम दलालांकडे आहे, आणि त्यांचे उत्पन्न प्रवेशाच्या संख्येवर अवलंबून आहे. ज्याला विक्रीवर अडत मिळते त्याने खरेदीदारास सावध करावे ही अपेक्षाच चुकीची होय. १९९० मध्ये जळगावात स्थापन झालेले, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे आपले विद्यापीठ आणि तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये यांनी हे काम अंगावर घ्यावयास हवे. परत आलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव, बँकांच्या अटी आणि करारांचे मराठी भाषांतर एका ठिकाणी मिळण्याची सोय करण्यास फार पैसा लागत नाही. केळीच्या भावाची बातमी रोज सकाळी शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आपण उभी केली. त्याच शेतकऱ्याच्या मुलीला परदेशातील शिक्षणाचा खरा भाव कळावा, अशी व्यवस्था उभारणे अशक्य का असावे?