मोर्णाकाठची पन्नी, जेजुरीची भट्टी

जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा नदीत उतरले. जलपर्णी उपसली, गाळ काढला, प्लास्टिकच्या पन्न्यांचे ढीग काठावर आणले. ‘मन की बात’मध्ये अकोल्याचे नाव निघाले आणि जुने शहर दोन दिवस फुशारून गेले. उपसलेल्या पन्नीचे पुढे काय करायचे, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही. अकोल्यातल्या नायगावच्या कचरा डेपोला आग लागते तेव्हा त्याचे उत्तर धुरातून मिळते. उघड्यावर जळणाऱ्या ढिगात पीव्हीसीचे तुकडे असतील, तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन थेट नाकात.

हीच पन्नी हवाबंद भांड्यात तापवली तर जळत नाही, फुटून तिचे तेल आणि वायू होतात. विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. नागपूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच प्लास्टिकपासून इंधन काढून दाखवले. बुटीबोरीत कारखानाही उभा राहिला. पुढे पुण्याच्या मेधा ताडपत्रीकरांनी घरच्या प्रेशर कुकरमध्ये प्लास्टिक शिजवून पाहिले. त्या खटाटोपातून शिरीष फडतरे यांच्यासोबत ‘रुद्र’ ही संस्था आणि जेजुरीचा प्रकल्प आकाराला आला.

हातभट्टीवाल्याला असले यंत्र समजावून सांगावे लागणार नाही. खाली जाळ, वर घट्ट झाकणाचे लोखंडी पात्र, पुढे थंड पाण्यातून जाणारी नळी. साधारण ४०० अंशांपर्यंत पारा चढला की वितळलेल्या पॉलिथिनच्या लांबलचक साखळ्या तुटतात आणि वाफ सुटते. नळीत निवून द्रव होते ते तेल, डिझेलच्या जातीचे. द्रव होत नाही तो वायू: मिथेन, इथेन, इथिलीन, प्रोपेन. तळाशी काजळी उरते. ‘रुद्र’च्या हिशेबात १०० किलो प्लास्टिकमागे ४०-५० लिटर तेल आणि वीसेक टक्के वायू.

बातम्या तेलाच्या होतात. माझ्या मते खरा कर्ता वायूच. तो साठवत बसणे परवडत नाही, म्हणून नळीने परत त्याच भट्टीच्या बर्नरला देतात. सुरुवातीचा जाळ बाहेरच्या इंधनाचा. नंतर पन्नीच पन्नीला तापवते. हा वायू वाया गेला तर सगळे गणित तोट्यात जाईल. अर्थात तेल काय, वायू काय, जाळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जायचाच. ही काही जादू नव्हे.

शिवाय यंत्राचे खाण्याचे नखरे फार. पीव्हीसी गेले तर आम्ल सुटून लोखंड खाते. पाण्याच्या बाटल्या गेल्या तर टेरेफ्थॅलिक आम्लाचा पांढरा थर नळ्यांत बसतो. त्या कबाड्याकडेच बऱ्या. आणि मोर्णेतून काढलेली चिखलाची पन्नी? निम्मा जाळ तिचे पाणी उडवण्यातच जायचा, माती काजळीत उतरायची. पुण्यात म्हणूनच घरोघरचे स्वच्छ, कोरडे प्लास्टिक वेगळे गोळा करतात. जुन्या शहरात ही भट्टी कधी आलीच, तर तिचे पहिले काम दुधाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालण्याचे असेल.