शिशाचे राजे

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत बसून रोमच्या सम्राटांवर लिहितोय म्हटल्यावर पारावरची मंडळी हसणारच. पण आमच्या नाणी जमवण्याच्या छंदातल्या तरुण पोरांना हल्ली रोमच्या औटघटकेच्या राजांनी वेड लावलंय. इ.स. ६९ मध्ये त्या गादीवर लागोपाठ चौघे बसले. त्यातला ओथो जेमतेम तीन महिने टिकला. त्याच्या चांदीच्या नाण्यासाठी ही पोरं मुदतठेव मोडतात. मोडोत बापडी.

औटघटकेचेच राजे हवेत तर दिल्लीत काय कमी आहेत? १७१९ साली रफी-उद्-दरजात तीन-साडेतीन महिने, त्याच्यामागून भाऊ रफी-उद्-दौला, तोही तितकाच. बाळाजी विश्वनाथ तेव्हा फौज घेऊन दिल्लीत गेले होते. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी तिसऱ्या शहाजहानला खाली उतरवलं. १७८८ चा बेदार बख्त तर गुलाम कादिरनं बसवलेलं बाहुलं. सगळ्यांचे रुपये देखणे, किमती डोळे फिरवणाऱ्या. पण हे रुपये उद्या सगळे आटवले तरी तवारिखांत या बादशहांची नावं राहतीलच.

आमच्या इथल्या कुर राजांचं तसं नाही. त्यांची ओळख जवळजवळ सगळी नाण्यांवर आहे. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी खणलं, त्याच्या कितीतरी आधीपासून पंचगंगेकाठी ही नाणी निघत आली आहेत. टाउन हॉल म्युझियममधला ब्राँझचा पोसायडनही ब्रह्मपुरीचाच. सहलीची पोरं त्याच्यापुढे थांबतात. कुरांच्या शिशाच्या काळपट चकत्या बघायला कोण थांबतंय?

एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि कठड्यातलं झाड. भोवती ब्राह्मीत नाव: रञो वासिठीपुतस विळिवायकुरस. दुसरा माढरीपुत शिवलकुर, तिसरा गोतमीपुत विळिवायकुर. तिघेही आईच्या नावानं ओळख देणारे. खरी गंमत पुढेच आहे. शिवलकुरानं पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारला आणि तिसऱ्यानं या दोघांच्याही. आधीच्याची नाणी हातोहात फिरत असतानाच पुढचा येऊन ठोकत होता. तिघांचा क्रम आपल्याला कळला तो या ठोकाठोकीमुळे.

आणि अशा नाण्याला आमचे काही जाणकार 'बिघडलेलं' म्हणतात! तीस वर्षं मी या एका शब्दावरून भांडतोय. दुसरे विद्वान कुरांना सातवाहनांचे सुभेदार ठरवून मोकळे होतात. मग ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं सातवाहन पुळुमावीचं पैठण आणि बलिओकुराचं हिप्पोकुरा अशा दोन वेगळ्या राजधान्या कशाला सांगितल्या असत्या? आणि सुभेदार स्वतःला 'रञो', म्हणजे राजा, म्हणवून घेतो होय? यावर उत्तर न देता मंडळी चहा मागवतात.

माझ्या हातूनही पाप घडलंय. सुरुवातीची चार नाणी मी हौसेनं लाकडी पेटीत, मखमलीवर ठेवली. लाकडातून सुटणारी आंबट वाफ शिशाला खाते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दोन पावसाळ्यांनी पेटी उघडली तर मखमलीवर पांढरी भुकटी. शिवलकुराचं नाणं बोटात धरताच त्याचा काठ रव्यासारखा सुटला.

आताची पोरं निराळंच करतात. नाणं हाती आलं की आधी घासतात. वरचा ठसा फोटोत उठून दिसतो, पण खालच्या ठशाच्या पुसट रेषा त्या घासण्यात जातात. गेल्या पाडव्याला एक जण माझं नाणं 'जरा उजळून देतो' म्हणाला. मी त्याला सोप्यात उन्हाच्या तिरिपेला नेलं आणि नाणं तिरकं धरलं. एक धनुष्य सरळ होतं. दुसरं त्याच्या खाली, उलटं, बाणाचं टोक काठाशी. त्यानं दोनदा बघितलं, मग मोबाइल काढला आणि विचारलं, "काका, याचे किती येतील?"