जुन्या पिकअपचे पाटे आणि कोल्हापूरची कारागिरी

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि १९६० च्या दशकात त्याच कुळातला, चालकाची केबिन इंजिनावर बसवलेला ‘एफसी’ पिकअप भारतात तयार होऊ लागला. अशी एखादी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची झाली, तर सर्वाधिक अवघड काम पुष्कळदा सस्पेन्शनचे, म्हणजे चाके आणि चॅसिस यांच्यामधील धक्के झेलणाऱ्या जुळणीचे असते; कारण तिच्यातील झीज सहज नजरेस येत नाही आणि तिची इंचांतील मापे आजच्या मिलिमीटरमधील मालाशी जुळत नाहीत.

या गाड्यांचा भार पाट्यांवर असतो. कमी-अधिक लांबीच्या वाकदार पोलादी पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध सेंटर बोल्टने आवळून आणि यू-बोल्टने ॲक्सलला जखडून पाटा तयार होतो. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मेन पाटा. त्याची टोके गोल वळवून त्यांत बुश बसवलेला असतो. भाराखाली पाटा सरळ होताना त्याच्या दोन टोकांमधील अंतर वाढते, म्हणून त्याचे एक टोक शॅकल या झुलत्या दुव्याने चॅसिसला जोडतात. जुन्या विलिस जीपमधील शॅकलला आटे असत, त्यांतही काही उजवे आणि काही डावे, त्यामुळे सुटा भाग मागवताना तो कोणत्या बाजूचा आणि कोणत्या टोकाचा, हे न पाहिल्यास वरवर हुबेहूब दिसणारा भाग हाती येऊनही बसत नाही.

मुख्य अडचण मात्र मूळ माप ओळखण्याची आहे. जास्त माल वाहता यावा म्हणून मालकांनी जादा पट्टी घालण्याची रीत जुनी असल्याने गाडीखाली आज असलेला पाटा कारखान्यातून निघालेलाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. पट्टीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली, तर बाकी मापे तीच ठेवूनही ती सुमारे ५९ टक्क्यांनी कडक होते. म्हणून ‘साधारण सारखा’ पाटा ही कल्पनाच सोडून द्यावी आणि कंपनीच्या जुन्या पुस्तिकेतील रुंदी, जाडी, पट्ट्यांची संख्या व भाराविना असणारी कमान हीच प्रमाण मानावीत, हे उत्तम.

मूळ भागांचा शोध मुंबईत कुर्ल्याच्या, दिल्लीत मायापुरीच्या जुन्या भागांच्या बाजारांपर्यंत किंवा जीपसाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणातील डबवालीपर्यंत नेता येतो. परंतु कोल्हापुरात शोधाला दुसरी वाट फुटते, ती म्हणजे भाग घडवून घेण्याची. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा देशी कॅमेरा याच शहरात तयार केला होता. पुढे शेतीच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून त्यांचे भाग बनवण्यापर्यंत पोहोचलेल्या मेस्त्रींनी शिवाजी उद्यमनगर वाढवले, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आज मोटारींसाठी ओतकाम होते. नमुना समोर ठेवून वस्तू उभी करण्याची ही सवय जुन्या गाडीच्या मालकाला मोठा आधार आहे.

तथापि कोणता भाग कोणत्या मार्गाने करावा, याचा विवेक हवा. शॅकलची पिन योग्य पोलादातून लेथवर कातून, कठीण करून घेता येते. बुशही नव्याने करता येतो. चॅसिसवरचा हँगर, म्हणजे पाट्याचे टोक धरणारा आधार, मात्र साध्या बिडात ओतणे धोक्याचे, कारण साधे बीड दाब सोसते पण धक्क्याने तडकते. ओतायचाच असेल, तर ज्याच्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते असे चिवट एसजी बीड किंवा ओतीव पोलाद वापरावे लागते. पाटा तर ओतता येतच नाही. तो सिलिकॉन-मँगनीजयुक्त स्प्रिंग पोलादाच्या पट्टीतून घडवून, तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा ठरावीक उष्णतेवर नरमवून तयार होतो. मोडलेली पट्टी वेल्डिंगने जोडली, तर जोडाजवळचे हे सारे संस्कार नष्ट होतात, आणि बसलेला पाटा नुसता ठोकून कमान चढवली, तर ती फार काळ टिकत नाही.

नव्या गाडीचे रुंद पाटे बसावेत म्हणून चॅसिसवरचे हँगर कापणे हा सोपा दिसणारा उपाय आणखी एका कारणाने टाळावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. परंतु तिच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

पाटे बसवताना यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही. रबरी बुश असल्यास गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचा आवळ द्यावा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. आणि काही अंतर भारासह चालवल्यावर पट्ट्या एकमेकींवर बसतात, तेव्हा यू-बोल्ट पुन्हा तपासून आवळावे लागतात.