ताप किती, यापेक्षा श्वास किती?

लहान मुलाला ताप आला की आपण आधी कपाळाला हात लावतो. पण अंग किती तापले यावरून आजार किती गंभीर हे कळतेच असे नाही. साध्या सर्दीतही ताप १०३ अंशांपर्यंत चढू शकतो. उलट न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाचे अंग गारही लागू शकते. मग ओळखायचे कसे?

न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोशांत द्रव साचतो. फुप्फुस ताठर होते, रक्ताला प्राणवायू कमी पडतो. ही तूट भरून काढण्यासाठी मूल उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागते. म्हणून मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल पाहून श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची सूचना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार अधिक गंभीर समजावा.

ही साधी मोजणी किती मोलाची आहे, हे गडचिरोलीतच सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ५८ गावांत आरोग्यसेवक आणि दायांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. तुलनेसाठी ४४ गावे होती. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: उपचाराच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी होते. ज्या दायांना पन्नासपर्यंत मोजणे अवघड होते, त्यांच्यासाठी डॉ. बंग यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले उपकरण तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया.

या जंगलपट्ट्यात दुसरा धोका फाल्सिपॅरम मलेरियाचा. यातले परजीवी शिरलेल्या रक्तपेशी बारीक केशवाहिन्यांना चिकटतात; मेंदूत असे घडले की झटके येतात, शुद्ध हरपते. म्हणून येथे तापाच्या प्रत्येक मुलाची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. 'आशा' ताईंकडील तपासणी-पट्टीला बोटातील रक्ताचा एक थेंब पुरतो.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा:

• मूल अंगावर पीत नाही, पाणीही घेत नाही
• घेतलेले सगळे उलटून पडते
• झटके येतात
• मूल मलूल पडते, जागे होत नाही
• छाती आत ओढली जाते किंवा मान ताठ होते
• दोन महिन्यांखालील बाळाला कोणताही ताप

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेत मूल पीत असेल तर अंगावर पाजत राहावे. ताप आहे म्हणून जाड गोधडीत गुंडाळू नये. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नव्हे. श्वास पुन्हा मोजावेत.

वर्गात हा पाठ सहज घेता येईल. विद्यार्थ्यांनी आधी एकमेकांचे, मग घरी झोपलेल्या धाकट्या भावंडाचे श्वास मिनिटभर मोजून वहीत वयासह नोंदवावेत. वय कमी तसा आकडा वाढतो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. आपल्या भावंडाचा नेहमीचा आकडा ज्याला माहीत आहे, त्याला आजारपणात वाढलेला आकडाही चटकन ओळखता येईल. पावसाळ्यात नाला भरून वाट बंद होण्याआधी घराबाहेर पडायचे, तर ही ओळख घरातच व्हायला हवी.