शेळीचे दूध : करडासाठी आणि बाळासाठी

एडविन अर्नोल्ड ह्या इंग्रज कवीच्या १८७९ सालच्या ‘लाइट ऑफ एशिया’ ह्या बुद्धचरित्रपर काव्यात एक प्रसंग आहे. कठोर तपश्चर्येने मूर्च्छित पडलेला सिद्धार्थ एका धनगर मुलाच्या दृष्टीस पडतो. आपण हलक्या जातीचे, ह्या थोर पुरुषाला शिवावे कसे, म्हणून तो शेळीची कास पिळून दुधाचे थेंब वरूनच त्याच्या ओठांवर सोडतो. शुद्धीवर आल्यावर सिद्धार्थ त्याच्याच लोट्यातले दूध मागून पितो आणि जातीच्या विटाळाची भीती त्याच्या मनातून काढून टाकतो.

आमच्या वस्तीतल्या जुन्या बायकांना हे काव्य ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण शेळीच्या दुधावर त्यांचा विश्वास मोठा. गाय-म्हैस बाळगायला ना जमीन होती ना कडबा. शेळी बांधावरचा पाला खाऊन राही, म्हणून ती गरिबाची गाय. बाळंतीण दगावली किंवा तिला दूध आले नाही, की तान्ह्या बाळाला शेळीचे दूध निम्मे पाणी घालून पाजायचे, असा रिवाजच होता. त्यावर वाढलेली माणसे ते अभिमानाने सांगतात. जी बाळे वाढली नाहीत, ती सांगायला उरली नाहीत.

माझी एक मावसबहीण बाळंतपणात वारली. आजीने नातू असाच शेळीच्या दुधावर वाढवायला घेतला. सहाव्या महिन्यात बाळ पांढराफटक पडले, मान धरीना, हसेना. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, “दूध कोणते पाजता?” आजीने उत्तर देताच त्यांनी मान हलवली.

शेळीच्या दुधात फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. गाईच्या दुधाच्या मानाने ते पाचव्या हिश्श्याइतकेच भरते. त्याच्याविना तांबड्या रक्तपेशी नीट तयार होत नाहीत. मोठ्या, अर्धवट वाढलेल्या पेशी रक्तात उतरतात आणि पंडुरोग होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील डॉक्टरांनी केवळ शेळीच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांत हा आजार पाहिला होता, पण कारण उमगले नव्हते. त्याचा धागा पुढे आपल्या मुंबईत सापडला. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणी कामगार गर्भवतींच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागली. यीस्टपासून केलेल्या ‘मार्माइट’ ह्या स्वस्त अर्काने ह्या स्त्रिया बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, त्यावरून फॉलिक ॲसिड. ज्यांच्या रक्तावरून हा शोध लागला त्या गिरणीतल्या बायकांची नावे मात्र कुठे आढळत नाहीत.

शेळीचे दूध पचायला हलके, हे खोटे नाही. त्यातले स्निग्धकण बारीक असतात आणि पोटात दही मऊ लागते. पण त्यात प्रथिने आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट आणि क्षारही जास्त. तान्ह्याच्या मूत्रपिंडांना तो भार झेपत नाही. लोह थोडेच. पाणी घातले की भार घटतो खरा, पण पोषणही घटते, आणि पाणी अशुद्ध असेल तर हगवण आलीच. गाईचे दूध न मानवणाऱ्या बाळाला बहुधा शेळीचेही मानवत नाही. कच्चे दूध तर कोणीच पिऊ नये. माल्टा बेटावर सैनिकांना येणाऱ्या तापाचे मूळ तिथल्या शेळ्यांत आहे, हे झमिट ह्या डॉक्टराने १९०५ साली दाखवून दिले. तो ब्रुसेलोसिस आपल्याकडेही आहे. म्हणून दूध उकळावे, आणि गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये.

करडाची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी हेच दूध पूर्णान्न, परंतु पहिला चीक वेळेवर मिळाला तर. पोटात असताना आईची रोगप्रतिकारक द्रव्ये करडापर्यंत पोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि आतडी ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेतात. म्हणून जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजावा. वार पडेपर्यंत थांबण्याची पद्धत करडाच्या जिवावर उठते. बँकेत शेळीपालनाची कर्जप्रकरणे हाताळताना मी हे अर्जदारांना आवर्जून सांगतो, कारण मेलेल्या करडाचा हप्ता माफ होत नाही. पोरक्या कोकरालाही हे दूध चालते, मात्र मेंढीचे दूध अधिक दाट असल्याने थोडे थोडे, अनेकदा पाजावे लागते. कुत्रीचे दूध तर फारच सकस. पिल्लांना शेळीचे दूध अडीनडीपुरतेच.

आईचे दूध नसेल तर काय? आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. पुढे अन्यत्रही झाल्या. जवळ पेढी नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तान्ह्यांसाठी बनवलेली भुकटी, उकळलेल्या पाण्यात, डब्यावरील मापाप्रमाणेच. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा. सहा महिन्यांनंतर मऊ खिचडी, डाळ, पालक-मेथी.

आजीच्या नातवाला फॉलिक ॲसिड आणि भुकटीचे दूध सुरू झाले. महिनाभरात तो मान धरून हसू लागला. “एक वर्षाचा झाला की इतर खाण्याबरोबर शेळीचे उकळलेले दूध खुशाल द्या,” असे डॉक्टर म्हणाले. तोवर आजीची शेळी आटली होती.