पेडल आणि वाद्य – भाग ६ : खर्ज कुठे जातो?

फझचा घरघरता आवाज ज्या गाण्यामुळे घरोघरी पोहोचला, त्यात तो काढला होता सहा तारांच्या बेसने. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण नॅशव्हिलमध्ये झाले, तेव्हा ग्रेडी मार्टिनचा बेस मिक्सिंग टेबलाच्या एका बिघडलेल्या चॅनेलमधून गेला. बिघाड तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तो आवाज मुद्दाम काढता येईल असे सर्किट तयार करवले आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. उगम असा बेसशी जोडलेला असूनही नंतरची बहुतेक डिस्टॉर्शन पेडल्स गिटार डोळ्यांसमोर ठेवून बनली. म्हणून बेसवाल्याला पेडल घेताना एक हिशेब स्वतःच मांडावा लागतो: आपला खर्ज या डबीत शिरल्यावर त्याचे काय होते? माझ्या मते गिटारवाल्यानेही निवडीची सुरुवात याच प्रश्नापासून करावी.

आयबनेझचे ट्यूब स्क्रीमर घ्या. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले आहेत. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना वाढ कमी कमी मिळत जाते. ड्राइव्हचा नॉब पूर्ण फिरवला तर एक हजार हर्ट्झच्या आसपास वाढ शंभर पटींच्या जवळ जाते. बेसच्या सर्वांत जाड तारेच्या ४१ हर्ट्झच्या सुराला मात्र जेमतेम सहा-सात पट मिळते. ही चूक नव्हे, विचारपूर्वक केलेली रचना आहे. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, आणि बँडमध्ये त्या खालच्या पट्ट्यात आधीच बेस आणि ड्रम बसलेले असतात. शिवाय खालची मोठी लाट आणि वरचे बारीक सूर एकत्र क्लिप झाले, की लाट वरच्या सुरांना चिरडते आणि कॉर्डचा चिखल होतो. तेव्हा गिटारमधून खर्ज गाळणे ही सेवाच ठरते. तीच सेवा बेसला मिळाली की पाया खचतो: तार जोरात छेडली तरी धक्का जाणवत नाही, आणि उरतो फक्त मधल्या पट्टीतला नाकातला सूर.

यावरचा उपाय पेडल बनवणाऱ्यांच्या आधी ध्वनिमुद्रकांना सापडला होता. बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ (१९६५) या गाण्यात पॉल मॅकार्टनीचा फझ बेस ठळक ऐकू येतो, पण त्याच्या जोडीला साधा बेसही वेगळा वाजवलेला आहे. जमीन साध्या बेसने धरली, रंग फझने भरला. आज बॉसच्या ‘ओडीबी-३’वरचा बॅलन्स नॉब किंवा टेक २१च्या ‘सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर’वरचा ब्लेंड नॉब हेच काम एका डबीत करतो. हा नॉब नसलेले आवडते पेडल सोडून द्यायचे कारण नाही. वेगळे ब्लेंडर पेडल लावून मूळ सिग्नल त्यात मिसळता येतो. मात्र काही पेडल्स सिग्नल उलटा करून बाहेर काढतात. अशा वेळी दोन्ही वाटांचा खर्ज एकमेकांना खोडतो आणि मिसळल्यावर आवाज आणखी पातळ होतो. चांगल्या ब्लेंडरवर यासाठी फेजचा खटका असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे क्लिफ बर्टन. मेटालिकाच्या १९८३च्या पहिल्या अल्बममधल्या ‘ॲनस्थेजिया’मध्ये त्याने डिस्टॉर्शन आणि वाह लावून बेस वाजवला आणि तो भन्नाट वाटतो, मग खर्जाची एवढी चिंता कशाला? पण तो तुकडा बेसचा एकल आहे. बराच वेळ तिथे बेस मुख्य सूर गातो, त्याच्यावर कोणाला तोलून धरण्याची जबाबदारी नसते. तुम्हालाही बेस तसाच गाववायचा असेल तर खुशाल गिटारचे पेडल घ्या. पण बँडच्या दोन तासांच्या कार्यक्रमात बेसचे काम बहुतेक वेळा वेगळे असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सर्किटची आकडेमोड कशाला, कान आहेत ना? कान हेच अंतिम प्रमाण, हे मान्य. पण दुकानात कानाला अर्धीच माहिती मिळते. मधले सूर खाली दाबणारे बिग मफ एकट्याने वाजवताना अवाढव्य वाटते, आणि ड्रम व दुसरी गिटार सुरू झाली की हरवते. शिवाय दुकानातली गिटार तुमची नसते, आणि हा फरक किरकोळ नाही. १९६६च्या फझ फेसच्या घाटाच्या पेडल्सचा इनपुट इम्पिडन्स काही किलोओहम इतका कमी असतो, त्यामुळे पॅसिव्ह पिकअप आणि पेडल मिळून जणू एकच सर्किट होते. म्हणूनच गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ निवळतो. आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेला म्युझिक मॅन स्टिंगरेसारखा बेस त्याच पेडलला लावा, किंवा मध्ये बफर घाला: ते निवळणे बहुतांशी जाते आणि आवाज कर्कश होतो. मग पेडल वाईट म्हणून परत केले जाते, बिचारे. त्यामुळे कानावर विश्वास ठेवायचाच असेल तर स्वतःचे वाद्य आणि स्वतःची केबल घेऊन जावे, आणि निदान पार्श्वसंगीताचा एखादा ट्रॅक मोबाइलवर लावून त्याच्यासोबत वाजवून पाहावे. बेसवाल्याने आणखी एक करावे: पेडल चालू-बंद करताना दोन्ही आवाजांची पातळी सारखी ठेवावी, कारण मोठा आवाज आपल्याला नेहमीच अधिक खर्जाचा भासतो.

कॉम्प्रेसर आणि एन्व्हलप फिल्टर यांचा हिशेब वेगळा आहे. ती पेडल्स सुराच्या पट्टीपेक्षा तार किती जोरात छेडली यावर चालतात, म्हणून त्यांच्याकडे पुढच्या भागात वळू.