पडद्यावरचं बटण, बोअरमधलं टूल

जॉन्सनव्हिलहून न्गाउरांगाचा घाट उतरला की रस्ता वेलिंग्टनच्या बंदराला भिडतो. बंदराच्या त्या काठाची सरळ रेघ वेलिंग्टन फॉल्टची, म्हणजे जमिनीतल्या भूकंपप्रवण भेगेची, देणगी आहे. तिथल्या मराठी घरांना कोयनेचा भूकंप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भूकंप कळावा म्हणून दोन्ही देशांनी जमिनीत खोल बोअर घेतले. न्यूझीलंडने २०१४ मध्ये व्हाटारोआजवळ आल्पाइन फॉल्टवर ८९३ मीटर, तर भारताने कोयना भागात गोठणे इथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर. अशा बोअरमध्ये केबलला टूल लावून सोडायचं आणि वर ओढताना खडकाची नोंद घ्यायची, हे वेल लॉगिंग.

पूर्वी लॉगिंगच्या गाडीत गॅमाचं, न्यूट्रॉनचं, विद्युत रोधाचं अशी वेगवेगळी पॅनेलं रॅकमध्ये बसवलेली असत. आता लॅपटॉपवरच बटणं आणि मीटर दिसतात, म्हणजे आभासी पॅनेल. तेव्हापासून काही गैरसमज रुजले आहेत.

पहिला म्हणजे, ‘आता हार्डवेअर लागतच नाही.’ गेलं ते फक्त पॅनेलचं तोंड. टूलला वीज पुरवणारा, केबलवरून आलेले संकेत उलगडणारा इंटरफेसचा डबा तिथेच आहे. विंच, केबल, कप्पी हेही आहेत. पडद्यावरचं बटण फिरवलं की आज्ञा त्या डब्याला जाते. डबा बिघडला तर बटण नुसतं चित्र.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज खोलीबद्दलचा आहे. पडद्यावर १२४७.३५ असा आकडा दिसला की तो खराच वाटतो. पण खोली कॉम्प्युटर मोजत नाही, केबलखाली फिरणारं चाक मोजतं. कॉम्प्युटर फक्त फेरे मोजून गुणाकार करतो. एका फेऱ्याला बरोबर १ मीटर केबल जाणारं चाक घ्या. घासून त्याची त्रिज्या अर्धा मिलिमीटर कमी झाली तर दर फेऱ्याला ३ मिलिमीटरहून थोडी जास्त केबल कमी जाते. सव्वा किलोमीटरवर ही चूक सुमारे ४ मीटर होते, ३ किलोमीटरवर ९ मीटरच्या वर. चाकाला चिखल चिकटला तर उलटी चूक. केबल ताणली जाते ते वेगळंच. म्हणून केबलवर ठरावीक अंतरावर चुंबकीय खुणा करून ताळा घेतात. गोठण्याच्या बोअरमध्ये दख्खनचा बेसाल्ट साधारण सव्वा किलोमीटरला संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागतात. बेसाल्टमध्ये गॅमा किरणांचा उगम असलेली पोटॅशियम, थोरियम, युरेनियम ही मूलद्रव्यं कमी, म्हणून गॅमाची रेघ खाली असते. जुन्या खडकात ती उसळी घेते. चाक झिजलेलं असेल तर ही उसळी ठसठशीत दिसेल, पण चुकीच्या खोलीवर.

‘डिजिटल म्हणजे अचूक’ हाही तसाच. गॅमा किरणांचं एपीआय एकक ह्यूस्टन विद्यापीठातल्या काँक्रीटच्या खड्ड्यावरून ठरलं. प्रत्यक्ष कामावरचं टूल त्या मापाशी जुळतं ते कॅलिब्रेशनमुळे. सॉफ्टवेअरने गेल्या वर्षीची कॅलिब्रेशन फाइल उघडली तर आलेख तितकाच देखणा निघतो आणि आकडे चुकतात. शिवाय उष्णता आहेच: व्हाटारोआला ६३० मीटरवरच तापमान शंभर अंशांवर गेलं होतं. तापलेल्या टूलमधल्या गॅमा टिपणाऱ्या स्फटिकाचा प्रतिसाद सरकतो, पडद्यावरचा काटा मात्र शांत.

गुळगुळीत रेघेचंही तसंच. गॅमाचे ठोके मुळातच अनियमित पडतात, म्हणून टूल सावकाश ओढावं लागतं, प्रचलित वेग मिनिटाला ९ मीटरच्या आसपास. घाई करून वर फिल्टर वाढवला तर रेघ छान दिसते आणि पातळ थर हरवतात.

आणि ‘घरबसल्या लॉगिंग होईल’? आलेख दुरून पाहता येतो, पण टूल अडकून केबलचा ताण चढला तर विंच थांबवायला माणूस जागेवरच हवा.

मग आभासी पॅनेलचा खरा फायदा काय? टूल बदललं की रॅक बदलावा लागत नाही, हा एक. त्याहून मोठा म्हणजे मूळ ठोके तसेच साठवता येतात. जुन्या गाडीत फिल्मवर उमटलेली रेघ ही शेवटची. आता चुकीचं कॅलिब्रेशन नंतर सापडलं तरी हिशेब पुन्हा मांडता येतो, मात्र मूळ नोंद जपलेली हवी.

तेव्हा वेलिंग्टनला असा वा कराडला, कोणी लॉग हाती दिला तर रंगीत आलेख बघण्याआधी तीन गोष्टी मागा: कॅलिब्रेशनची तारीख, खोलीचा ताळा कसा घेतला त्याची नोंद, आणि मूळ ठोक्यांची फाइल.